वारंवार युव्हिआयटिस, जुनी सांधेदुखी आणि घटणारं वजन: विपलचा विचार कधी करायचा?

सिंहगडरोड_जीपी

नमस्कार. फॅमिली प्रॅक्टिसमधला पेशंट आहे, पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे. डोळ्यांच्या आणि पोटाच्या डॉक्टरांचं मत हवंय.

सहा वर्षांपासून सांधे दुखतात. आज मनगट, परवा गुडघा, दोन-तीन दिवस सुजतो आणि आपोआप उतरतो. संधिवाताच्या रक्ततपासण्या, म्हणजे आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एचएलए-बी२७, सगळ्या निगेटिव्ह, एक्स-रेमध्ये झीज नाही. सीरोनिगेटिव्ह आर्थ्रायटिस (रक्तात खूण न सापडणारा संधिवात) म्हणून मेथोट्रेक्सेट, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आठवड्याला १५ मिग्रॅ चालू. दीड वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांना धूसर दिसायला लागलं आणि नजरेसमोर जाळी तरंगायला लागली. निदान युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ४० मिग्रॅवर सुधारणा होते, १० वर आलं की परत तेच. असं तीनदा झालं. शेवटी अडॅलिम्युमॅब (टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू अडवणारं इंजेक्शन) सुरू केलं. चार डोसनंतर डोळे आधीपेक्षा वाईट, शिवाय संध्याकाळी कणकण.

वजन ७१ वरून ६२. दिवसाला तीन-चार पातळ शौच, ते आजवर मेथोट्रेक्सेटच्या नावावर खपलं. हिमोग्लोबिन ९.८, अल्ब्युमिन २.९, सीआरपी (दाहाचं माप) ४८. टीबीची रक्ततपासणी इग्रा निगेटिव्ह, छातीचा सीटी स्वच्छ, सिफिलिसची व्हीडीआरएल निगेटिव्ह. सोनोग्राफीत आतड्याच्या पडद्यातल्या गाठी थोड्या मोठ्या. ब्लड प्रेशरसाठी टेल्मिसार्टन.

एकांचं मत, पुण्यात राहून टीबी सोडून दुसरं काय असणार, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा. दुसऱ्यांनी कागदावर 'विपल?' असं लिहून दिलंय, म्हणजे ट्रोफेरिमा व्हिपलेई ह्या जिवाणूने होणारा, आतडी, सांधे, डोळे, मेंदू धरणारा आजार. नुसत्या डोळ्यावरून इतक्या दुर्मिळ आजारापर्यंत पोचता येतं का? आणि तपासण्या कोणत्या क्रमाने?

---

नेत्रविभाग_पुणे

नुसत्या डोळ्यावरून नाही, पण डोळ्याच्या वागण्यावरून बरंच पुढे जाता येतं.

आधी एक गोष्ट साफ करू, कारण घरचे हमखास विचारतात: हे 'डोळे येणं' नव्हे. २०२३च्या जुलैत आळंदीत जी साथ आली ती डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाची, चिपडं, पाणी आणि आठवड्याभरात बरं. युव्हिआयटिस आतला. बाहेरून डोळा पांढरा स्वच्छ दिसत असताना आत व्हिट्रिअसमध्ये (डोळ्यातल्या जेलीत) पेशी भरलेल्या असू शकतात. तुमच्या पेशंटची 'जाळी' म्हणजे त्याच.

आता बी२७चा युव्हिआयटिस कसा असतो? एका वेळी एकच डोळा, अचानक, लालभडक, दुखरा, उजेड सोसत नाही, आणि दाह पुढच्या भागात. ह्यांचं उलट आहे: दोन्ही डोळे, सावकाश, न दुखता, दाह मागे. एवढ्यावरच 'सांधे अधिक डोळे म्हणजे स्पाँडिलो गट (बी२७शी जोडलेले सांध्यांचे आजार)' हे समीकरण बाजूला ठेवायला हवं होतं. विपलमध्ये साधारण असंच चित्र दिसतं: व्हिट्रायटिस (व्हिट्रिअसचा दाह) किंवा पॅनयुव्हिआयटिस (डोळ्यात सगळीकडे दाह), कधी रेटिनाच्या शिरांना सूज, कधी कॉर्नियाच्या आतल्या बाजूला जाड चरबीसारखे ठिपके. पण ह्यातली एकही खूण त्याची एकट्याची नाही. टीबी, सिफिलिस, सार्कॉइड सगळे असंच सोंग आणतात.

खरी खूण औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादात आहे. स्टेरॉइडने अर्धवट बरं, कमी करताच परत, आणि टीएनएफ अडवणारं औषध दिल्यावर जास्त वाईट. खऱ्या ऑटोइम्यून दाहात अडॅलिम्युमॅबने निदान स्थिरता तरी येते. इथे उलट झालं, म्हणजे आत जिवंत जंतू आहे असं धरूनच पुढे जावं. चौथ्या डोसनंतर पाचवा देऊ नका.

डोळ्यापुरता क्रम असा ठेवा:

व्हीडीआरएल निगेटिव्ह आहे म्हणून सिफिलिस सुटला असं नाही. जुन्या सिफिलिसमध्ये ती निगेटिव्ह येते. टीपीएचए (सिफिलिसचीच दुसरी तपासणी) आणि एचआयव्ही दोन्ही करा, आजच.

लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) विचारा. सिंहगड रोडला खडकवासल्याचं पाणी सोडलं की एकतानगरीत घराघरांत शिरतं, २०२४च्या जुलैत शिरलंच होतं. लेप्टोचा युव्हिआयटिस ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ते महिन्यांनी येतो. १९९३च्या पुरानंतर मदुराईत अशा पेशंटांची रांगच लागली होती. पण तो झपाट्याने येतो, डोळ्यात पू साचल्यासारखा थर दिसू शकतो, आणि सहा वर्षांची सांधेदुखी त्यात बसत नाही. गोठ्याशी संबंध किंवा कच्चं दूध असेल तर ब्रुसेला. घरात मांजराचं पिल्लू असेल तर बार्टोनेला, मात्र त्यात डिस्क (डोळ्याच्या नसेचं टोक) सुजते आणि मॅक्युलात (रेटिनाच्या मध्यभागी) चांदणीसारख्या रेघा उमटतात, हे चित्र वेगळं.

पन्नाशीनंतरचा, स्टेरॉइडला अर्धवट दबणारा व्हिट्रायटिस म्हटल्यावर डोळ्यातला लिम्फोमा यादीत वर ठेवायचा. तो ह्यातला सगळ्यात लबाड.

आतड्यातून निदान झालं तर डोळ्याला सुई लावायची गरज नाही. नाही झालं तर व्हिट्रेक्टमी (व्हिट्रिअस काढण्याचं ऑपरेशन) करून नमुना. पाणी म्हणजे इन्फ्यूजन सुरू करण्याआधी, ०.५ ते १ मिली शुद्ध व्हिट्रिअस सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा. सर्जनला हे आदल्या दिवशी सांगा. एकदा इन्फ्यूजन चालू झालं की कॅसेटमध्ये जमतो तो पातळ झालेला माल, पेशी शोधायला चालेल पण पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) कमी पडतो. शुद्ध नमुन्याचे दोन भाग: एक सायटोलॉजीला (पेशी बघायला), हातोहात, तासाभरात, एक पीसीआरला, निर्जंतुक ट्यूबमध्ये, काहीही न घालता. पुढच्या चेंबरमधून ०.१ ते ०.२ मिली पाणी काढणं सोपं, पण दाह मागे असताना त्यात जंतू सापडण्याची आशा कमी.

आणि अजून एक, फुकट होणारी तपासणी. पेशंटला मान न हलवता झटकन वर-खाली बघायला सांगा. नजर वर-खाली जायला रेंगाळते का? रेंगाळत असेल तर नजर एका जागी स्थिर ठेवायला सांगून मान हळूच वर-खाली करा. डोळे तेव्हा नीट फिरले तर दोष मेंदूत आहे, स्नायूत नाही. सेकंदाला साधारण एकदा डोळे आत वळतायत आणि त्याच तालात जबडा हलतोय असं दिसलं तर दुसरा आजार शोधायची गरजच नाही, ती खूण फक्त विपलची. दिसते फार क्वचित.

---

स्लाइड_४०एक्स

पॅथॉलॉजीच्या बाजूने. हा आजार सूक्ष्मदर्शकाखाली सुटतो तो दुर्मिळ आहे म्हणून कमी, फॉर्मवर 'क्रॉनिक डायरिया, बायोप्सी' एवढंच लिहिलेलं असतं म्हणून जास्त. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या एच-अँड-ई रंगात फेसाळ मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) फिकट दिसतात, गर्दीच्या दिवशी 'नॉन-स्पेसिफिक ड्युओडिनायटिस' म्हणून रिपोर्ट निघतो. फॉर्मवर ठळक लिहा: विपल शंका, पीएएस विथ डायस्टेज आणि झेडएन करावे. पीएएस (विपलचा जंतू गिळलेल्या पेशी दाखवणारा) हा महागडा रंग नाही, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये रोज लागतो.

स्कोपीवाल्यांना सांगायचं ते असं. ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) दुसऱ्या भागातून आणि जमेल तितक्या पुढून, निदान सहा तुकडे. आजार ठिकठिकाणी विखुरलेला असतो, दोन तुकड्यांवर 'नाही' म्हणता येत नाही. आतली त्वचा पिवळट-पांढरी, जाडसर दिसली तर तिथले घ्या, पण अगदी साधी दिसली तरी घ्याच. चार तुकडे फॉर्मलिनमध्ये. उरलेले दोन निर्जंतुक ट्यूबमध्ये, बुडतील इतक्याच थेंबभर सलाइनमध्ये, बर्फावर, त्याच दिवशी फ्रीझरला. फॉर्मलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात, मग पीसीआर निगेटिव्ह आला तर आजार नाही की डीएनए उरला नाही हे कळत नाही. हे स्कोपी खोलीत कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ट्यूब पेशंटच्या फाइलला आधीच टाचून पाठवावी.

स्लाइडवर काय दिसायला हवं: लॅमिना प्रोप्रियात (आतड्याच्या अस्तराखालच्या थरात) मॅक्रोफेजच्या झुंडी, आत गडद किरमिजी कण, आणि डायस्टेज (ग्लायकोजेन पचवणारं एन्झाइम) दिल्यावरही रंग तसाच. गॉब्लेट पेशी आणि ब्रुनर ग्रंथी निरोगी माणसातही पीएएस घेतात, त्यांना बघून हुरळून जायचं नाही. झेडएन (टीबी गटाचे जंतू दाखवणारा रंग) का? एचआयव्हीमध्ये एव्हियम गटाचे मायकोबॅक्टेरिया अगदी अशाच फुगलेल्या मॅक्रोफेजमध्ये बसतात आणि पीएएसही घेतात. ते झेडएनला लाल येतात, विपलचा जंतू येत नाही. हिस्टोप्लाझ्माही पीएएस घेतो, पण त्याच्या यीस्टचा आकार ओळखू येतो.

पीसीआर सगळीकडे होत नाही. नमुना काढण्याआधी मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेला फोन करून विचारा: ट्रोफेरिमा व्हिपलेईचा खास पीसीआर आहे का, नसेल तर १६एस आरआरएनए (कुठलाही जिवाणू पकडणारी पीसीआर) करून सिक्वेन्सिंग करतात का, आणि ट्यूब कुठली. रक्त पाठवायचं झालं तर ईडीटीएत, हेपरिनमध्ये नको, हेपरिन पीसीआर अडवतं. तशी रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून काही सिद्ध होत नाही. आणि एनआयव्ही जवळ आहे म्हणून तिकडे ट्यूब नेणारे भेटतात. ती विषाणूंची संस्था, हा जिवाणू.

शौचाची किंवा लाळेची पीसीआर एकटी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर आजार ठरवू नका. हा जंतू आतड्यात घेऊन धडधाकट फिरणारी माणसं असतात. बायोप्सीत पीएएस आणि पीसीआर दोन्ही पॉझिटिव्ह, किंवा आतड्यात काही नाही पण व्हिट्रिअस, सांध्यातलं पाणी, सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) अशा निर्जंतुक जागी पीसीआर पॉझिटिव्ह, तर खरं.

---

सिंहगडरोड_जीपी

दोघांचेही आभार. टीपीएचए आणि एचआयव्ही पाठवले. स्कोपी ठरेपर्यंत एकेटी सुरू करून बघायला हरकत काय, असा नातेवाइकांचा (आणि खरं सांगायचं तर माझाही) प्रश्न आहे.

---

मेडिसिन_ओपीडी

हरकत मोठी आहे, डॉक्टर. टीबीचा विचार पहिला करायचा हे बरोबरच, आपल्याकडे तो सोडणं गुन्हा आहे. पण 'सुरू करून बघू' ही चाचणी इथे खोटं उत्तर देते. एकेटीतलं रिफॅम्पिसिन विपलच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतं. महिन्याभरात ताप उतरेल, 'बघा, टीबीच होता' असं ठरेल, आणि अर्धवट औषधावर आजार मेंदूकडे सरकायला मोकळा. शिवाय रिफॅम्पिसिन प्रेडनिसोलोन लवकर संपवतं, म्हणजे डोस न बदलताही स्टेरॉइडचा परिणाम घटतो, मग डोळा बिघडला तर कशाने हे कळणार नाही. त्यात एथॅम्ब्युटॉल ऑप्टिक नर्व्हला त्रास देऊ शकतं. आधीच अधू डोळ्यात त्याची सूचना कोण ओळखणार? त्याच स्कोपीत टीबीसाठीही नमुना द्या, जीनएक्सपर्ट आणि कल्चर. तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे, थांबा.

फक्त एक: प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. दीड वर्ष चढउतार चालू आहे, अॅड्रिनल झोपलेली असणार. आहे त्या डोसवर ठेवा. मेथोट्रेक्सेट मात्र आत्ताच थांबवा, पुढे लागणाऱ्या कोट्रायमॉक्सॅझोलशी ते जमत नाही.

बायोप्सी पॉझिटिव्ह आली तर उपचारांआधी सीएसएफ काढायचं. डोकं, स्मरण, चाल सगळं ठीक असलं तरी. मेंदूचा काही त्रास नसलेल्यांतही सीएसएफची पीसीआर पॉझिटिव्ह सापडते, आणि आजार उलटतो तेव्हा बहुतेक तिथेच उलटतो. आधीचा आकडा नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार? सोबत एकदा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी). झडपांवर बसलेला हा जंतू नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये उगवत नाही.

उपचार: सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून रोज एकदा, १४ दिवस. मग कोट्रायमॉक्सॅझोल १६०/८०० दिवसातून दोनदा, १२ महिने. ह्या जोडगोळीतला ट्रायमेथोप्रिम ह्या जंतूवर निरुपयोगी आहे, कारण ते ज्या एन्झाइमवर घाव घालतं ते ह्याच्याकडे नाहीच. २००३ साली जीनोम वाचल्यावर हे कळलं. काम करतं ते सल्फा. म्हणून सल्फाची अॅलर्जी असेल तर सगळी योजना बदलते, मग डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोनदा आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिग्रॅ तीनदा, वर्षभर किंवा जास्त. काही केंद्रं तर पहिल्यापासून हीच जोडी देतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, थंडी, सांधे भडकणं होऊ शकतं, जंतू मरतात त्याची प्रतिक्रिया. ती उतरते. दुसरा प्रकार जास्त फसवा: काही आठवडे छान, ताप गेला, जुलाब थांबले, आणि मग पुन्हा ताप नि डोळ्यात दाह. पीसीआर निगेटिव्ह होत चाललेली असते, म्हणजे आजार उलटलेला नसतो. दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती जागी होऊन भांडत असते. आधी वर्षानुवर्षं स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टीएनएफविरोधी औषध घेतलेल्यांत हे जास्त. तुमचा पेशंट त्यात नेमका बसतो. तेव्हा अँटिबायोटिक बदलायचं नाही, ते चालू ठेवून स्टेरॉइड वाढवायचं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'औषध लागू पडलं नाही' म्हणून दुसरीकडे जातील आणि तिथे पहिल्यापासून सुरू होईल.

---

कॅम्प_केमिस्ट

दुकानाच्या बाजूने चार गोष्टी. डॉक्टर लोक इतके तपशील लिहितात, पण चिठ्ठीवर गडबड ह्यातच होते.

सेफ्ट्रिअॅक्सोनच्या १ ग्रॅमच्या दोन बाटल्या, १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये, अर्ध्या तासात. रिंगर लॅक्टेट (आरएल) नको. त्यात कॅल्शियम असतं, औषधाशी मिळून खडे बनतात. घरी नर्स येऊन लावणार असेल तर हे चिठ्ठीवरच लिहा, कारण घरी बहुतेक आरएलचीच बाटली पडलेली असते.

कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळीवर 'डीएस' आहे का बघा. डीएस म्हणजे १६०/८००, साधी म्हणजे ८०/४००. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. साधी एक-एक घेत राहिलं तर वर्षभर निम्माच डोस.

मेथोट्रेक्सेट आणि कोट्रायमॉक्सॅझोल एकत्र कधीही नाही. दोन्ही फोलेटची वाट अडवतात, वर सल्फा मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, तोंडात फोड येतात, जीवही जातो. आठवड्याची गोळी बहुतेक रविवारी घेतात आणि 'रोजच्या औषधांत' सांगतच नाहीत. घरातल्या डब्यातून उरलेली पट्टी काढून घ्या, तोंडी सूचना पुरत नाही.

टेल्मिसार्टनसोबत ट्रायमेथोप्रिम म्हणजे पोटॅशियम वर. जंतूवर निरुपयोगी असला तरी किडनीवर त्याचं काम चालूच राहतं. बीपीसाठी वर्षभर अॅम्लोडिपिन देता येत असेल तर उत्तम. नाहीतर चौथ्या-पाचव्या दिवशी पोटॅशियम, मग पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, क्रिएटिनिन, पोटॅशियम. शहाळ्याचं पाणी 'ताकद यावी' म्हणून रोज दोन-दोन देतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. तेही विचारा.

---

नेत्रविभाग_पुणे

मेडिसिनवाल्यांच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर मला बोलायलाच हवं. डोळ्याच्या हिशेबाने मर्यादा किलोमागे रोज ५ मिग्रॅची. ६२ किलोच्या माणसाला ६०० मिग्रॅ म्हणजे किलोमागे जवळजवळ १०, दुप्पट. सल्फा चालत असेल तर ह्या पेशंटला ते पहिलं औषध म्हणून मी देणार नाही. मॅक्युला आधीच सुजलेला असेल तर औषधाने झालेलं नुकसान ओसीटीत (रेटिनाच्या थरांच्या स्कॅनमध्ये) ओळखणं कठीण होतं. द्यावंच लागलं तर सुरू करण्याआधी ओसीटी आणि १०-२ फील्ड (मध्यभागाच्या नजरेची तपासणी) करून ठेवा, क्रिएटिनिन बघा, आणि तपासणीचा नेहमीचा पाच वर्षांनंतरचा नियम विसरून दर तीन-चार महिन्यांनी दाखवा.

---

मेडिसिन_ओपीडी

मान्य. ६०० हा आकडा ह्याच आजाराच्या उपचारांतून आलेला आहे, ल्युपससारखा आयुष्यभर द्यायचा नसतो, म्हणून चालवून घेतात. पण सुजलेल्या मॅक्युलात सल्फाच आधी, ह्यावर वाद नाही.

---

सिंहगडरोड_जीपी

टीपीएचए, एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह आले. मांजर नाही, कच्चं दूध नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, पुराचा संबंध नाही. मेथोट्रेक्सेटची पट्टी काढून घेतली. स्कोपी गुरुवारी, दोन निर्जंतुक ट्यूब फाइलला टाचल्या आहेत. दोन शेवटचे प्रश्न: घरच्यांना तपासायचं का? आणि बरं होतंय हे कशावरून ठरवायचं, पुन्हा पुन्हा स्कोपी?

---

स्लाइड_४०एक्स

घरच्यांना त्रास नसेल तर तपासू नका. जंतू माती-सांडपाण्यात असतो, बहुतेकांच्या पोटातून येऊन जातो. आजार होतो तो ज्यांची प्रतिकारशक्ती ह्या एका जंतूला ओळखण्यात कमी पडते अशा मोजक्यांना. वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली काही नको. संडासानंतर साबणाने हात, एवढंच.

स्कोपी सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. पण पीएएस पॉझिटिव्ह राहिला म्हणून घाबरू नका, मेलेल्या जंतूंचे अवशेष मॅक्रोफेजमध्ये वर्षानुवर्षं राहतात. किरमिजी कण भरगच्चऐवजी विरळ होत गेले तर ठीक. पीसीआर निगेटिव्ह व्हायला हवी. सीएसएफ पहिल्यांदा पॉझिटिव्ह असेल तर तेही परत.

---

नेत्रविभाग_पुणे

डोळ्याचं सांगतो. जुलाब आणि ताप पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच हलतात, व्हिट्रिअस साफ व्हायला महिने लागतात. पेशी जातात, पण जुनी जाळी थोडी उरतेच, तिला 'अजून आजार आहे' समजून स्टेरॉइड वाढवू नका. दर भेटीला तीन गोष्टी लिहून घ्या: चार्टवरचं वाचन, व्हिट्रिअसमधल्या पेशींची ग्रेड, ओसीटीवर मॅक्युलाची जाडी. आणि डोळ्याचा दाब, इतकं स्टेरॉइड झालंय म्हटल्यावर तो बघितल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठू देऊ नका. मोतीबिंदूही वाढलेला असणार. त्याचं ऑपरेशन डोळा निदान तीन महिने शांत राहिल्यावर, आणि अँटिबायोटिकचा कोर्स चालू असतानाच केलेलं बरं.

गुरुवारचा रिपोर्ट आला की इथेच टाका. पीएएस निगेटिव्ह आला तर व्हिट्रेक्टमीचं बोलू, लिम्फोमाचा प्रश्न तेव्हाही उभाच राहील.